भोकाच्या आतलं तांबं

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. बरोबरीचे लोक 'मीटर' म्हणत, धाकटे 'मीटरकाका' म्हणत, आणि ते दुकानात शिरताना दिसले की दुकानदार मनातल्या मनात जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवे सेल घ्यायचे असले तर हा माणूस खिशातून वीज तपासायचं मीटर काढणार, दोन्ही काड्या लावून काउंटरवरच एकेक सेल तपासणार आणि मागे माणसं खोळंबली तरी पाकिटावरची तारीख भिंगातून वाचणार. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तर आकडा ऐकायच्या आधी विचारणार, "हे मशीन शेवटचं कधी तपासलंय?" शिंप्याकडून आलेली पँट घरी टेप लावून पुन्हा मोजली जाई. यात दुष्टपणा काही नव्हता. "तपासून घेतलेलं बरं," एवढंच त्यांचं म्हणणं असे, आणि ते दिवसातून इतक्या वेळा असे की ऐकणाऱ्याचं डोकं उठावं.

पण त्यांचीही बाजू ऐकायला हवी. उभं आयुष्य गेलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत. गिऱ्हाईक टीव्ही आणून टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, आम्ही हातसुद्धा लावला नाही हो, आपोआप बंद पडला. मागचं झाकण उघडावं तर आत घरच्या स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे, आणि कोपऱ्यात त्याच गिऱ्हाइकाच्या शर्टाचं बटण. अशी बटणं वेचत ज्याचे केस पिकले, तो माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी मीटरकडे बघायला शिकला तर नवल नाही. मीटर खोटं बोलत नाही. तार सलग असली की पीं वाजतं, तुटलेली असली की गप्प बसतं. त्यांच्या मते एवढा सरळ प्राणी जगात दुसरा नव्हता.

त्यांची बायको बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची, म्हणून सगळ्यांची ती चौकशीबाई. आवाज असा खणखणीत, की स्टँडवरचा लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरच्या माणसाला आपली गाडी कुठे लागली ते कळायचं. बायकोच्या शब्दावर तरी मीटरकाकांचा विश्वास होता, असं लिहायचा मोह होतो, पण नव्हता. "गॅस बंद केलाय," ती म्हणाली तरी हे उठून बघून येत. ती हसून सोडून द्यायची. "जा, बघून या, तेवढेच पाय मोकळे होतील." मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच, आणि संसार असा चालला होता की एकाने बोलावं आणि दुसऱ्याने जाऊन बघून यावं.

मग बाईंच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांच्या जिवात जीव आला. शुद्धीवर आल्यावर बाईंनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर पडली. आवाजाच्या नसेला धक्का बसलाय, डॉक्टर म्हणाले, परत येईलही, नाहीही. कुजबुज तेवढी उरली, ती शेजारच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल न पोहोचेल अशी. मीटरकाकांनी सर्जनवर संशय घेतला, भूल देणाऱ्यावर घेतला. आणखी दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघांनी तेच सांगितलं, तेव्हा ते एकाच कॉलेजातले असणार असं ठरवून ते मोकळे झाले.

स्टँडप्रमुख बरा माणूस होता. म्हणाला, बाई, खिडकीवर बसायचं तर लोकांना ऐकू यायला हवं. नाहीतर मागे हरवलेल्या सामानाच्या खोलीत एक खुर्ची रिकामी आहे, तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. हे ऐकून बाई घरी आल्या आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "त्या खोलीत छत्र्या असतात आणि न्यायला कुणी न आलेल्या बॅगा. मला नका हो तिथे बसू देऊ."

मीटरकाका त्या दिवशी जेवले नाहीत.

आवाज मोठा करणारे तयार डबे बाजारात मिळतात. त्यांनी दोन आणले आणि दोन्ही परत केले. एक कमरेला विटेसारखा लोंबायचा, दुसरा बोलण्यापेक्षा शिट्टीच जास्त मारायचा. तेव्हा मागच्या खोलीतल्या टेबलावरचा पसारा एका हाताने बाजूला सारून त्यांनी जाहीर केलं, "मीच करतो. साबणाच्या वडीएवढा. गळ्यात घाल आणि बोल."

साबणाच्या वडीत एवढं सगळं बसवायचं तर आतल्या सर्किट बोर्डाच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या रेषा हव्यात. आणि वरची रेषा खालच्या रेषेला भेटायची तर मधून भोक पाडून त्या भोकाला आतून तांब्याचं अस्तर लावायला हवं, म्हणजे वीज वरून खाली उतरते. कारखान्यात हे काम यंत्रं करतात. बोर्डाचा नकाशा पाठवला की चार दिवसांत बोर्ड घरी येतो. पण नकाशा पाठवायचा कुणाला? "ते ठेवून घेतात," मीटरकाका म्हणाले. "आज पाठवा, उद्या बाजारात बघा." घरगुती कारागीर भोकातून बारीक तार ओवून दोन्हीकडून सोल्डर करतो. तेही त्यांनी केलं असतं, पण मधल्या चिपच्या पोटाखाली काही भोकं येत होती, तिथे तारेचा फुगवटा मावत नव्हता. मग उरलं एकच. भोकात तांबं चढवायचं, घरीच.

बाई तेव्हा रजेवर होत्या. दारापाशी स्टूल टाकून त्या हा सोहळा बघत बसायच्या. आधी सुईएवढ्या ड्रिलने भोकं पाडली. तांबं काही प्लास्टिकवर चढत नाही, त्याला वीज वाहणारी जमीन लागते, म्हणून शिसपेन्सिलीतलं काळं, तेच ग्रॅफाइट, पूड करून लाखेत कालवलं आणि ती काळी शाई भोकाभोकातून फिरवली. मग प्रत्येक भोक फुंकून मोकळं केलं. त्यात नाकाचा शेंडा काळा झाला. बाईंनी खूण करून सांगितलं, तर "कुठे? आरसा आण" झालं. शाई वाळली. मग काचेच्या जुन्या बरणीत मोरचुदाचं निळंशार पाणी, त्यात जपून चमचाभर ॲसिड, दोन कडांना तांब्याच्या पट्ट्या आणि मध्ये टांगलेला बोर्ड. बारीकसा प्रवाह सोडला की पट्टीवरचं तांबं पाण्यातून निघून भोकात जाऊन बसायला लागतं, अगदी सावकाश. करणाऱ्याने फक्त एक करायचं असतं, ते म्हणजे काही करायचं नसतं.

नेमकं तेच या माणसाला जमणारं नव्हतं. बसतंय की नाही? सगळीकडे सारखं बसतंय का? ते बोर्ड बाहेर काढत, पाणी झटकत, भिंगातून बघत, मीटर लावत, पुन्हा बुडवत. एखादं भोक उशिरा पीं करी, मग त्याच्यावर खास नजर. उन्हाच्या तिरिपेत धरून बघ, कापडाने टिपून बघ, पुन्हा पाण्यात. एकदा बोर्ड टेबलावर ठेवून ते चहासुद्धा पिऊन आले आणि मग बुडवला. दुपारभर हेच.

"ठेवा की आत," बाई पुटपुटल्या.

"तपासून घेतलेलं बरं," मीटरकाका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सगळी भोकं पीं वाजू लागली. भोकांच्या कडा नव्या नाण्यासारख्या झळकत होत्या. भाग बसवले, डबा जोडला, बोर्ड हलू नये म्हणून झाकणाखाली फोमचा तुकडा दाबून बसवला. बारीक माइक हनुवटीखाली अडकवून बाईंनी बटण दाबलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात चौकशीबाईंचा आवाज घुमला. जरा पत्र्याचा होता, पण तिचा होता. पहिलं वाक्य काय, तर "अगं बाई, केवढ्याने! शेजारी ऐकतील!" आणि दोघंही हसली. मीटरकाका हसता हसता वळून उगाच स्क्रू शोधायला लागले, कारण डोळे भरून आले होते आणि ते दाखवायची त्यांना सवय नव्हती.

बाई खिडकीवर परत गेल्या. इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पहिले काही दिवस छान गेले. मग एका संध्याकाळी बाई दारातून आत आल्या, पिशवी ठेवली, काहीतरी सांगायला लागल्या आणि अर्ध्या वाक्यात डबा गप्प झाला. ओठ हलत राहिले. मीटरकाकांनी लगेच डबा काढून घेतला, टेबलावर नेला, हातात धरून माइकमध्ये म्हणाले, "हॅलो, हॅलो." डबा ठणठणीत बोलला. उघडून मीटर लावलं. सगळी भोकं पीं.

"यात काही नाही झालेलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, जेवताना. त्यांच्या हातात आला की डबा शहाण्यासारखा बोलायचा, तिच्या गळ्यात गेला की मुका. शेजारच्या घरात एक कंडक्टर राहायचा. त्याने जिन्यात गाठून सांगितलं, "काका, कमाल केलीत बुवा! काय खणखणीत ऐकू येतं बाईंचं. दिवसभर अडखळत नाही."

"दिवसभर?" मीटरकाका म्हणाले.

"अगदी शिफ्ट संपेपर्यंत."

मीटरकाकांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे, जिन्याच्या मधल्या पायरीवर. स्टँडवर दिवसभर चालतो आणि घरी पाऊल टाकलं की बंद पडतो. पुढच्या रविवारी बाईंची धाकटी बहीण आली. डबा तासभर बोलला. बहिणीशी हसणं, खिदळणं, स्टँडवरच्या गमती, सगळं कसं सुरळीत. मेहुणी गेली, दार लागलं, बाई नवऱ्याकडे वळल्या आणि डबा मुका. आता तुम्हीच सांगा, ज्याने जन्मभर टीव्हीच्या पोटातून गिऱ्हाइकांची बटणं काढली तो काय समजेल?

तो समजला की ही बटण बंद करते. हिला माझ्याशी बोलायचं नाही.

खरं तर हा विचार त्यांना आतून खाऊ लागला. दुकानदाराने फसवलं तर राग येतो, पण रागात एक मजाही असते. इथे मजा नव्हती. आपण कंटाळवाणे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. आवाज होता तोवर ती नाइलाजाने बोलत होती, आणि आता न बोलायची एक सोय आपणच आपल्या हाताने करून दिली, असं त्यांना वाटायला लागलं. तोंडाने मात्र ते एवढंच विचारत, "बंद केलंस?" बाई मान हलवून नाही म्हणत, ओठ हलवत काही सांगू बघत. तोवर यांनी डबा ओढून स्क्रू काढायला घेतलेले असत.

त्यांनी पाळत ठेवली. बटणाच्या फटीवर बायकोच्याच नेलपॉलिशचा थेंब लावला, बटण हललं तर तडकावा म्हणून. संध्याकाळी तो तडकलेला निघाला. निघणारच, ती सकाळी चालू करणार आणि दुपारी जेवताना बंद करणार, पण एवढा विचार संशयाला परवडत नाही. एक दिवस ते स्टँडवर जाऊन वजनकाट्याच्या मशीनआड उभे राहिले. चौकशीच्या खिडकीला काच होती आणि काचेला बोलण्यापुरती जाळीदार भोकं. बाई डबा मुठीत घेऊन त्या भोकांना टेकवून धरायच्या आणि बोलायच्या. "चार नंबरला लागलीये. पळा, पाच मिनिटं आहेत. आजोबा, तुम्ही नका पळू, मी सांगते त्याला थांबायला." तोच आवाज, तीच माया. मशीनमागे उभ्या असलेल्या माणसाला एवढं एकटं वाटलं, की त्याने खिशातलं मीटर घट्ट धरून ठेवलं.

काय करायला हवं होतं ते तुम्हाला-मला सुचतं. डबा एकदा स्वतःच्या गळ्यात घालून बघायचा. पण बायकोचा डबा गळ्यात घालून पुरुषाने घरात हिंडावं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच आलं. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. बाई आंघोळीला गेल्या होत्या तेवढ्यात त्यांनी डबा उघडला, बटण उपटून काढलं, दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि बटणाच्या जागी प्लास्टिकची चकती चिकटवली. आता डबा सतत चालू. कर बंद, बघू कशी करतेस.

घाईत बाईंनी डबा गळ्यात अडकवला आणि गेल्या. त्यांना कळलं स्टँडवर पोहोचल्यावर. अंगठा बटण शोधत गेला आणि गुळगुळीत चकतीवर घसरला. त्या दिवशी मुठीतल्या डब्यातून सबंध स्टँडने चौकशीबाईंचा श्वास ऐकला, खोकला ऐकला, आवंढे ऐकले. शेजारच्या क्लार्कशी केलेली खासगी कुजबुज बाकांवरच्या प्रवाशांनी ऐकली आणि ते हसले. माइक काढून ठेवावा तर डबा शिट्टी मारी. जेवणाच्या सुट्टीत त्या उपाशी राहिल्या, कारण डबा कधी गप्प बसेल आणि कधी बोलेल याचा भरवसा नव्हता, आणि घास चावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकवायची त्यांची तयारी नव्हती.

संध्याकाळी त्या दारात आल्या, डबा मुठीत धरून. "तुम्ही बटण काढलंत," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज घरभर झाला. "दिवसभर लोक..." बोलता बोलता त्यांनी हात सोडले. डबा छातीवर लोंबकळला.

आणि गप्प झाला.

बटण नव्हतं. बाईंचे दोन्ही हात समोर होते, रिकामे, उघडे. ओठ हलत होते आणि डबा मुका होता. बंद करायला काही उरलेलंच नव्हतं, ते त्यांनी स्वतःच काढून टाकलं होतं, तरी डबा बंद पडला होता. म्हणजे तिने कधी बंद केलाच नव्हता. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती काय, ते त्यांना त्या घटकेला कळलं.

"अगं," ते म्हणाले, "थांब, मी..."

बाईंनी डबा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. आत जाऊन दोन कपडे पिशवीत भरले आणि त्या बहिणीकडे निघून गेल्या. दार आपटलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरकाकांनी डबा स्वतःच्या गळ्यात घातला. "हॅलो," ते म्हणाले. काही नाही. झाकणावर अंगठा दाबला. "हॅलो," डबा गरजला. अंगठा काढला, मुका. एवढंच होतं. स्टँडवर ती डबा मुठीत दाबून धरायची. बहिणीला कौतुकाने दाखवायची तीही हातात धरून. आणि टेबलावर त्यांचा स्वतःचा अंगठा झाकणावर असायचा, झाकणाखालचा फोम बोर्डाला दाबायचा. झाकण उघडून तपासताना मीटरच्या काड्या ते भोकाला जोडलेल्या रेषांवर दोन्हीकडून जोर देऊन टेकवायचे, तो जोरच फाटलेलं क्षणभर जुळवायचा. मीटर खोटं बोललं नव्हतं. दाबलेलं भोक जुळतं का, एवढंच त्याला विचारलं गेलं होतं, आणि त्याने हो म्हटलं होतं.

कुठलं भोक ते शोधायला वेळ लागला नाही. चिपच्या पोटाखालचं, ते उशिरा पीं करणारं. चिप उतरवली, बोर्ड शिकंज्यात धरला, बारीक करवतीने बरोबर भोकाच्या मधून कापला. हा बोर्ड आता गेला, हे उघड होतं. कड घासून गुळगुळीत केली आणि भिंग डोळ्याला लावलं. भोकाच्या आतलं तांबं एकसंध भिंतीसारखं असायला हवं होतं. ते कांद्यासारखं होतं, पापुद्र्यावर पापुद्रा, आणि पापुद्र्यांच्या मध्ये काळसर फट. कडेशी तर सगळे पापुद्रे मोडून वेगळे झालेले.

आता हे कसं झालं, ते या धंद्यातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तांबं पाण्यात असेपर्यंत थरावर थर मुरत जातो. मधेच बाहेर काढलं, हवा लागली, वाळलं, की त्यावर डोळ्याला न दिसणारी मळी धरते. मग पुन्हा बुडवलं तरी नवं तांबं जुन्याला धरत नाही, नुसतं वर बसून राहतं. पहिल्यांदा बाहेर काढलं तो एक पापुद्रा. पुन्हा काढलं तो दुसरा. चहा पिऊन आले ती सगळ्यात रुंद फट. प्रत्येक वेळच्या तपासणीची खूण तिथे होती, आणि त्या खुणांनीच भोक फोडलं होतं.

मीटरकाकांनी भिंग खाली ठेवलं. मग स्वतःलाच मोठ्याने म्हणाले, "गाढव आहेस तू." घरात दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

रात्री मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, ताई तिकडे यायला तयार नाही म्हणते. आणि आज डब्याशिवाय गेली होती. लोकांना काही ऐकू येईना. साहेबांनी सांगितलंय, आठवडाअखेर बघतो, नाहीतर मागची खोली."

"ती स्वतः म्हणाली, येणार नाही?" मीटरकाकांच्या तोंडून निघून गेलं. तिला फोनवर बोलता येत नाही, मग कशावरून ती म्हणाली? "नाही नाही," ते घाईने म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे ती म्हणालीच असेल. तिला सांग, मी नवा करतोय." जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाचा निरोप न पडताळता खरा धरला होता आणि त्यांना तो फार जड गेला.

सकाळपासून नवा बोर्ड. नवी भोकं, नवी शाई, नाकावर पुन्हा काळं. मोरचुदाचं पाणी गाळून घेतलं. प्रवाह सोडला आणि हात आपोआप बोर्डाकडे गेला. त्यांनी हात मागे घेतला. खुर्चीवर बसून ते बरणीकडे बघत राहिले. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. बसत असेल का? एखादं भोक कोरडं राहिलं असेल तर? हे काही आपल्याने होणार नाही, असं दिसल्यावर ते उठले, खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कंडक्टरच्या बायकोकडे नेऊन दिली.

"अंधार पडेपर्यंत मला देऊ नका," ते म्हणाले. "मागितली तरी देऊ नका."

"मागाल का?" तिने विचारलं.

"मागेन."

त्यांनी दोनदा मागितली. तिने दिली नाही, वर चहा पाजला आणि विचारलं, "काका, आत काय कोंडलंय?" "मी," असं म्हणावंसं त्यांना वाटलं, पण ते म्हणाले, "काम चाललंय एक."

अंधार पडल्यावर किल्ली मिळाली, बोर्ड बाहेर काढला. भोकं मीटरने तपासली, पण या वेळी काड्या नुसत्या टेकवून, जोर न देता. मग बोर्ड हातात धरून जरासा वाकवून पुन्हा. सगळी बोलली. डबा जोडला, बटण नवं घेतलं आणि जागेवर बसवलं, चांगलं ठळक, अंगठ्याला सहज सापडेल असं. डबा गळ्यात घालून, हात पाठीमागे बांधून ते खोलीभर फिरले आणि स्वतःशी काहीबाही बोलत राहिले. डबा एकदाही अडखळला नाही. गल्लीतल्या दोघा-तिघांनी खिडकीतून हे पाहिलं आणि काकांचं डोकं फिरल्याचं सगळीकडे करून टाकलं.

सकाळी ते स्टँडवर गेले. मेहुणीकडे जायचा धीर झाला नाही. चौकशीच्या खिडकीसमोर रांग होती आणि ती पुढे सरकत नव्हती, कारण काचेआड बाई ओठ हलवत होत्या, बोटांनी फलाटाचे नंबर दाखवत होत्या, आणि प्रवासी कान काचेला लावून ओरडत होते, "काय? काय म्हणालात?" मीटरकाका रांगेत उभे राहिले. कुणाच्या पुढे घुसले नाहीत. नंबर आला तेव्हा त्यांनी काचेखालच्या फटीतून डबा आत सरकवला.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. उलटा करून बघितला. बटणावरून अंगठा फिरवला, एकदा बंद, एकदा चालू. डबा गळ्यात घातला, माइक हनुवटीशी लावला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"बोला," डबा म्हणाला. अख्ख्या रांगेने मान वर केली.

"भोकात दोष होता," मीटरकाका म्हणाले. "माझ्याच हातचा. सारखा बाहेर काढून बघत होतो ना मी, त्यानेच तांबं नीट धरलं नाही. मला वाटलं, तू बंद करतेस. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून." मागे एवढी माणसं उभी असताना हे बोलणं त्यांना फार अवघड गेलं, पण ते थांबले नाहीत. "चुकलो मी."

"काका, गाडी कुठली ते विचारा ना पटकन," मागून कुणीतरी म्हणालं.

"माहीत होतं मला, तुम्हाला काय वाटतंय ते," बाई म्हणाल्या. डबा लोंबकळत होता आणि शब्दन् शब्द स्पष्ट येत होता.

"मग एकदा तरी सांगायचंस," मीटरकाका काकुळतीला आले. "एकदा तरी म्हणायचंस, की मी नाही बंद करत."

"सांगत होते की," बाई म्हणाल्या, आणि तो आवाज शेवटच्या फलाटापर्यंत गेला. "रोज सांगत होते. डबा बंद पडला की त्याच वेळी सांगायचे, मी नाही हो बंद केला. तुम्ही मीटरकडे बघत होता."